डाव्या हाताचा आंबा

आमच्या बिल्डिंगमधून गोव्याला निघालेला माणूस चोरासारखा निघायचा. बॅग चादरीत गुंडाळून, मागच्या गेटाने. कारण पुढच्या गेटावर धर्मा मुकादम खुर्ची टाकून बसलेले असत.

मुकादमांनी उभा जन्म गोवा हायवेवर खडी टाकण्यात घालवला. निवृत्त झाले, गुडघे गेले, पण हायवे काही सुटला नाही. बॅग दिसली की काठी आडवी! "पनवेलातनं निघतो तो थेट केरळात जातो. चार राज्यं, पन मधी कुठं तुटत नाय!" मग कर्नाळ्याच्या वळणापासून सुरुवात. तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याला त्यांनी गेटातच कणकवलीपर्यंत नेलं, तोवर बिचाऱ्यांची बस सुटली. सरकारने हायवेचा नंबर सतराचा सहासष्ट केला, तेव्हा तर आठवडाभर धुसफुसत होते. "म्हातारपनी कुनी नाव बदलतं काय?"

शेवटी एक काम ठरलेलं. "पेणच्या पुढं डाव्या हाताला आंबा हाय, मैलाच्या दगडाला लागून. हाय का तेवढा बगा."

परत आल्यावर सगळे सांगत, "आहे हो, आहे!" एका बहाद्दराने तर ऐन दिवाळीत सांगितलं, "नुसता लगडलाय आंब्यांनी!" मुकादम मान हलवायचे. मीही तीनदा ठोकून दिलं होतं. खरं सांगतो, एकदाही मान वळवून पाहिलं नव्हतं.

पुढे चौपदरीकरण सुरू झालं आणि आमची एसटी पेणच्या पुढे दीड तास अडकली. दुसरा उद्योग नव्हता म्हणून खिडकीतून पाहिलं. डाव्या हाताला एकही झाड नव्हतं. लाल मातीचा भराव आणि त्यावर जेसीबी.

या वेळी खोटं बोलायला जीभ रेटेना. "मुकादम, आंबा नाही. तोडला."

त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तुमी खरंच पाह्यलंत. दिवाळीत आंबे लागले तवाच समजलो, कुनी बगत नाय." मला शेजारी बसवून घेतलं. "आमची टोळी तिथं कामाला व्हती. पोर तापानं गेली, चार म्हैन्यांची. रस्त्याकडंलाच पुरली. आमच्या हिनं वर आंब्याची कोय लावली. खडी टाकून झाली का घमेल्यानं पानी घालायची. मरताना बोलली, पोरीवर लक्ष ठेवा. माजे पाय हे असे. म्हनून तुमाला सांगायचो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीनदा, अहो, तीनदा मी या माणसाला फसवलं होतं.

"आनि दगड?" त्यांनी विचारलं.

"दगडही नाही. तिथूनच नवा रस्ता जाणार आहे."

"म्हंजे तिच्यावरनं."

मी हो म्हणालो. मुकादमांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला.

आता ते कुणाला अडवत नाहीत. लोक बॅगा घेऊन बिनधास्त पुढच्या गेटाने निघतात. मुकादम तेवढं म्हणतात, "पेणच्या पुढं जरा हळू जा."

लोक हसतात. "मुकादम, खड्डे एवढे आहेत तिथे, हळूच जावं लागतं!"

"बरं हाय," मुकादम म्हणतात.