दोन घोड्यांचा रंधा आणि गिझरचा तह

आधी त्या विद्युल्लतेस दंडवत, जिच्या कृपेने दिवे लागतात आणि जिच्या रुसव्याने एमसीबी पडते. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, माघमासी, एका राज्यात राजश्री मुकुंदराव सबनीस, निवृत्त पोस्टमास्तर, सुखे नांदत होते. राज्य म्हणजे तीन खोल्या, एक गॅलरी आणि मागील पडवी. त्यांची कन्या मृण्मयीबाई बाळंतपणास माहेरी आली, तिजला पुत्र जाहला, आणि राजांनी भर दरबारी बोल काढिला की, पाळणा विकत आणणे नाही, बारशास सागवानी पाळणा आम्ही स्वहस्ते करू. कारण कन्येच्या बारशास राजे बदलीच्या गावी अडकले होते, तो सल बत्तीस वर्षे मनी होता. मग दोन घोड्यांच्या मोटरीचे रंधा मशीन टेम्पोत बसोन आले, पडवीत स्थापिले, आणि दिवाणखान्यातून एक्स्टेंशन बोर्ड ओढून राजांनी कळ दाबली, तो रंध्याने एक हुंकार दिला आणि समस्त राज्याचे पंखे थांबले.

मग ऐसा रिवाज पडिला की, राजांनी पडवीतून "हुशार" म्हणोन ललकारी द्यावी, आणि राणीसाहेब सुनंदाबाईंनी धावत जाऊन फ्रिज, टीव्ही, पंखे बंद करावे, आणि तरीही एमसीबी पडावी. ऐसे चार दिवस गेले, फ्रिजमधील दूध नासले, आणि राणीसाहेबांनी बोलणे कमी केले. तेव्हा राजांनी मनाशी मसलत केली की, फितूर ती एमसीबीच, आणि तिजला काढून दुप्पट ताकदीची बसविली. मग रंधा गर्जला, एमसीबी जागची हलली नाही, राजे मिशीत हसले, आणि थोड्याच वेळात दिवाणखान्याच्या भिंतीतून जळक्या वायरीचा वास आला आणि काळा धूर निघाला. पलीकडे बाळबाळंतीण निजली होती. राणीसाहेबांनी मेन स्विच पाडिला, दोघांस गॅलरीत आणिले आणि म्हणाल्या, "पाळणा नको मला. बाळ हवंय." राजे मटकन खाली बसले. लाजेने मान वर होत नव्हती.

मग इब्राहीम शिकलगार वायरमन यांस पाचारण केले. त्यांनी भिंतीतील वायर उपसली, ती करपलेली. म्हणाले, "साहेब, एमसीबी तुमची राखण करत होती. तिलाच घालवलीत व्हय? मशीन पळताना दहा अँपिअर खातंय, पण सुरू होताना पाचपट मागतंय. ही वायर पंख्या-टीव्हीची. मशीनला जाड वायरीची आपली वेगळी लाइन पायजे, सुरुवातीचा धक्का सोसणारी एमसीबी पायजे, आर्थिंग पायजे. आणि भार वाढवायचा अर्ज. पंधरा दिवस धरा." बारसे चार दिवसांवर आलेले. राजे म्हणाले, "मग राहू दे, इब्राहीमभाई. विकतचा आणू." ऐसे बोलोन ते पडवीतील फळ्या आवरू लागले, ते राणीसाहेबांनी पाहिले, आणि पुसिले, "घरात जाड वायर कुठं आहे का?" "एकच, वहिनी. गिझरची." राणीसाहेब म्हणाल्या, "बाळाचं न् मृण्मयीचं पाणी मी गॅसवर तापवीन. बाकीच्यांनी गारच घ्यायचं."

"बाकीचे म्हणजे कोण?" राजांनी पुसिले.

"तुम्ही."

तह मान्य जाहला. वायरमनांनी करपली वायर बदलली, गिझर सोडविला, एमसीबी योग्य ती घातली, आर्थिंग तपासले, आणि रंधा न्हाणीघराच्या दारी आणोन जोडिला. मग तीन दिवस फळ्या रंधल्या, भुसा बादलीत पडिला, आणि राजे प्रातःकाळी माघाच्या थंडीत कुडकुडत स्नान करिते जाहले, परंतु तह मोडिला नाही. बाळाच्या बाराव्या दिवशी, बारशास, पाळणा उभा राहिला. बायका पाळणा म्हणावयास सरसावल्या, तो मृण्मयीबाईने दोरी बापाच्या हाती दिली आणि म्हणाली, "बाबा, पहिला झोका तुमचा." राजांस दोरी दिसेना, इतके डोळे भरले.

येणेप्रमाणे वर्तमान. रंध्यास पुढे स्वतंत्र लाइन मिळाली, राजांस सर्दी जाहली. पाळणा किंचित डावीकडे कलतो, आणि बाळ त्यातच निजते.