तीन बांगडे आणि एक निष्पक्ष नाक

"मी बघते गं प्रयोगाचं," असं राजनंदिनी बोलून गेली आणि तळवलीतल्या त्या घराची शांतता तिथेच संपली. शेवटी ती बी.एस्सी. होती. (कितव्या खेपेला, हे सासरी कुणी विचारलं नव्हतं.)

पुतणी मनस्वी सातवीत. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं दोनदा आराखडा दिला, दोन्ही वेळा शालन मॅडमनी परत केला. लाल शेरा एकच: 'प्रयोग निष्पक्ष नाही. एकच गोष्ट बदला, बाकी सगळं सारखं ठेवा.' सोमवारी तिसरा आणि शेवटचा चान्स. तोही परत आला की प्रदर्शनातून नाव कट.

विषय ठरला: मासा जास्त वेळ कशानं टिकतो, मिठानं की हळदीनं? सासूबाई, म्हणजे येसूबाई, चाळीस वर्षं मासळी विकत होत्या, त्यामुळे मालाची ददात नव्हती. एक बांगडा नुसता, एक मिठाचा, एक हळदीचा.

"आई, तिन्ही सारखे द्या हां."

"सारकंच हायत. माजा डोला हाय तो!"

राजनंदिनीनं तरी काटा आणला. एक बांगडा सहा ग्रॅमनं जास्त भरला. ती कात्रीनं त्याची शेपटी छाटायला गेली, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, ती दचकली आणि कात्रीत तीस ग्रॅम गेले. मग उरलेल्या दोघांनाही चोवीस-चोवीस ग्रॅमचं प्रायश्चित्त.

"आमाला जेवाला काय ठेवशील का नाय?" येसूबाई म्हणाल्या.

अकरा ते पाच तीन सारख्या ताटल्या एकाच खिडकीत, सारख्या जाळ्यांखाली बसल्या. राजनंदिनी दर पंधरा मिनिटांनी जाऊन माश्या तिन्ही जाळ्यांवर सारख्या बसतायत ना, ते मोजत होती.

पाच वाजता परीक्षा. परीक्षकाला कुठला मासा कुठला ते कळता कामा नये, म्हणून येसूबाईंचे डोळे ओढणीनं बांधले. त्यांच्याहून मोठी तज्ज्ञ आणायची कुठून?

पहिली ताटली. "ताजा."

दुसरी. "एकदम ताजा."

तिसरी ताटली नुसत्या बांगड्याची. तिच्या वासानं समोरच्या बिल्डिंगमधल्या खिडक्या लागल्या होत्या.

"फडफडीत! आताच होडीवरशी उतरलाय."

"आई, खरं सांगा ना!"

"आगो, माजी मासली शिली हाय, असं मी माज्या तोंडानं बोलू? चालीस वर्सांत बोलले नाय!" आणि सवयीनं पुढे, "कापून देऊ का तसाच नेतेस?"

मनस्वीनं वहीत तीनदा 'ताजा' लिहिलं. राजनंदिनीला रडू यायचं बाकी होतं.

मग सासरे, बाळाराम. त्यांनी तिन्ही ताटल्यांना नाक टेकवलं आणि गोंधळून सगळ्यांकडे पाहिलं. "वास? कनचा वास?" (येसूबाईंशी लग्न होऊन त्यांनाही चाळीस वर्षं झाली होती.)

"काकी, आता तूच," मनस्वी म्हणाली. "मी ताटल्या बदलते. नंबर माझ्याकडे."

राजनंदिनीच्या डोळ्यांवर ओढणी आली आणि छाती कॉलेजातल्या तोंडी परीक्षेसारखी धडधडायला लागली.

"हा... बरा आहे." दुसरी ताटली. "हा जरा उग्र." तिसरी नाकाखाली येतेय न येतेय तोच, "ई! हा! सडलाय हा पार! ने, ने तो! मळमळतंय मला!" आणि ती तशीच मोरीकडे धावली ती थेट फ्रिजवर आदळली.

ओढणी सोडली. मनस्वीच्या हातात लख्ख घासलेली, रिकामी ताटली होती.

"अगं, हिच्यात मासा कुठाय?"

"नाहीच आहे. आजी-आजोबांची नाकं तपासून झाली ना, म्हटलं तुझंही तपासावं."

सोमवारी आराखडा मंजूर झाला! मॅडमनी लाल शाईनं 'उत्तम' लिहिलं होतं. राजनंदिनीचा जीव भांड्यात पडला. तिनं कौतुकानं वही उघडली. 'काय बदलायचं: मीठ, हळद.' बरोबर. 'काय सारखं ठेवायचं: वजन, वेळ, ताटली, खिडकी.' बरोबर. त्याखाली मनस्वीनं स्वतःच्या डोक्यानं एक रकाना वाढवला होता.

'काय टाळायचं: काकी.'

मॅडमनी तिथे बरोबरच्या दोन खुणा केल्या होत्या.