धोतराचं झाकण

लोटनभाऊंनी माशांच्या टाकीचं काचेचं झाकण फोडलं ते टाकी घरात आणता आणताच. कादरभाईंच्या दारातून स्वतःच्या दारात, एवढाच काय तो प्रवास. पण उंबरठ्याशी त्यांचं जमलं नाही.

टाकी शेजारच्या कादरभाई घड्याळवाल्यांची आणि मासे त्यांच्या शहजादीचे. ती पहिल्या बाळंतपणाला पिंप्राळ्यात येणार म्हणून कादरभाई तिला आणायला धुळ्याला निघाले होते.

"लोटनभाऊ, पोरीची अमानत आहे," ते म्हणाले. "घरात पाय टाकला की आधी मॉलीला विचारेल, मग बापाला."

मॉली म्हणजे काळी कुळकुळीत, पोट सुटलेली बोटभर मासोळी. शहजादीचा जीव की प्राण. "केसालाही धक्का लागणार नाही," असं लोटनभाऊंनी छातीवर हात ठेवून सांगितलं. माशाला केस नसतात हे कादरभाईंनी मोठ्या मनाने सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॉली टाकीत नव्हती.

लोटनभाऊंनी खाटेखाली पाहिलं, चपला झटकल्या, धान्याची कोठी सरकवली. गल्लीतल्या मांजरीचं तोंडसुद्धा हुंगून झालं. टाकी होती कोपऱ्यातल्या बंद कुलरला लागून. कुलरचा पंप जळला होता. सुपडू मेकॅनिक एका बाजूची जाळी काढून पंप घेऊन गेला होता, तो गेलाच. लोटनभाऊ हताश होऊन टाकीसमोर बसले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एक तांबडा मासा पाण्याबाहेर वीतभर उसळला, हवेत चमकला आणि परत पाण्यात पडला.

लोटनभाऊंचा आ तसाच राहिला. "प्रमिला, पाह्य तरी! पाय नहीत, टेकाले जमीन नही, तरी कशा उडी ऱ्हायनात?"

"तुमले पाय शेतस," प्रमिलाबाई म्हणाल्या, "तरी उंबरठा वलांडता उना नही."

मग लोटनभाऊंनी लग्नातलं ठेवणीचं पांढरं धोतर काढलं, टाकीच्या तोंडावर ताणलं आणि सुतळीने करकचून बांधलं. आता उडी मारून दाखवा म्हणावं!

नेमके त्याच दिवशी प्रमिलाबाईंचे उडदाचे पापड होते. गल्लीतल्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन हजर झाल्या. खाटा भरल्या, चटया भरल्या, पापडांना जागा पुरेना. बेबाबाईंना कोपऱ्यात स्वच्छ पांढरं, ताणून बांधलेलं कापड दिसलं. उन्हाळ्याच्या दिवसांत असं कापड दिसल्यावर त्यावर पापड घालायचे नाहीत तर काय करायचं? खाली काय आहे हे बघायला कुणाला सवड होती?

इतक्यात दाराशी रिक्षा थांबली. कादरभाईंचा हात धरून शहजादी जपून उतरत होती. लोटनभाऊ पुढे झाले. "शहजादी, बेटा, ती मॉली..." एवढं बोलून ते तिची पिशवी उचलायला वाकले.

आत धोतर पापडांच्या भाराने खोल गेलं, पाण्याला टेकलं, सुतळीची गाठ सुटली आणि मिरपूड-पापडखारासकट पापड टाकीत गेले. पुढच्या क्षणी सगळे मासे एकदम उसळले. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात तांबडं, पिवळं, रुपेरी असं काहीतरी झगमगलं. बायका लाटणी उगारलेल्या तशाच थिजल्या. असं काही त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"ओ माय वं! धरा, धरा!" बेबाबाई ओरडल्या आणि साऱ्यांचे पदर पसरले गेले. शहजादी दारात आली तेव्हा गल्लीतल्या बायका भरलेली ओटी सांभाळावी तसे वळवळते मासे सांभाळत उभ्या होत्या.

"पाणी! बठ्ठा मासा मरतीन!" प्रमिलाबाईंनी घमेलं पुढे केलं. लोटनभाऊंना कुलरच्या तळातलं पाणी आठवलं. उघड्या बाजूने हात घालून त्यांनी तांब्या बुडवला.

"कचरा शे यामा," ते तांब्यात बघत म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "प्रमिला... या कचऱ्याले डोया शेतस."

मोहरीएवढे काळे जीव तांब्यात सुरसुर पळत होते. लोटनभाऊंनी वाकून कुलरमध्ये पाहिलं. खसच्या सावलीत, गार पाण्यात मॉली निवांत तरंगत होती. पोट सपाट, आणि भोवती पिल्लंच पिल्लं. प्रमिलाबाईंनी नकळत हात जोडले. लोटनभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांना त्याची लाजही वाटली नाही.

शहजादी पोट सावरत कुलरपाशी टेकली. "अब्बा, बघा ना," ती हसत, डोळे पुसत म्हणाली, "माझ्याआधी हीच मोकळी झाली!"

तांब्या अलगद परत कुलरमध्ये रिता झाला. बाकीच्या माशांची सोय रांजणातल्या पाण्यावर झाली. "तिला हलवू नका, भाऊ," शहजादीने बजावलं. "पिल्लं जरा मोठी होऊ द्या."

संध्याकाळी सुपडू मेकॅनिक नवा पंप हातात घेऊन एकदाचा उगवला. बाहेर रस्त्यातलं डांबर पाघळलेलं होतं. घामाने निथळत, टॉवेलने वारा घेत लोटनभाऊ दारात आडवे झाले.

"हळू बोल, भो," ते कुजबुजले. "कुलर पावसाळ्यात लावू. आते त्यामा बाळंतीण शे."