जळक्या शाळेचा साफ फोटो

जव्हारच्या बाजारात जहीरचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाची जोडपी आणि अर्जावर चिकटवायचे चेहरे यांपलीकडे त्याच्या कॅमेऱ्याने काही पाहिलं नव्हतं. त्यामुळे कचेरीतल्या साहेबांनी पोशेऱ्याच्या जळक्या शाळेचा फोटो आणायला सांगितला, तेव्हा तो हरखून गेला. चैत्रातल्या वणव्यात शाळेचं छप्पर गेलं होतं, भिंती काळ्याठिक्कर पडल्या होत्या. तेव्हापासून ती ओसच होती. फोटोत जळल्याचं दिसलं तर नवी शाळा मंजूर, नाही तर पोरांनी अजून किती पावसाळे झाडाखाली काढायचे कोण जाणे.

जहीरने आपल्या परीने चोख बंदोबस्त केला. पोशेऱ्याच्या पाड्यावरून बाजाराला आलेल्या लाडक्याला त्याने बजावलं, "दसरा झाला की येतो. फोटो एकदम साफ आला पाहिजे हां." समोरची झुडपं तोडा, एवढंच त्याच्या मनात होतं.

ठरल्या दिवशी तो सकाळच्या एसटीतून उतरला आणि शाळेसमोर जाऊन पाहतो तर काय! भिंतींना पांढराशुभ्र चुना, अंगण शेणाने सारवलेलं, वर नव्या गवताचं छप्पर. सगळा पाडा ठेवणीतले कपडे घालून उभा होता.

"लाडक्याभाऊ, हे काय केलंत?"

"तुमीच सांगला ना, साफ पायजे. सगला पाडा खपला."

"अरे, पण ती जळलेली दिसायला पाहिजे. अशा चकाचक शाळेला साहेब नवी कशाला देतील?"

लाडक्याचा चेहरा उतरला. जहीरलाही फार वाईट वाटलं, कारण घोळ त्याच्याच जिभेने घातला होता. तेवढ्यात पाड्यातली माघी पुढे झाली. चुन्याचं काम तिच्याच देखरेखीखाली झालं होतं.

"परत काली करूं ना. वला पेंढा पेटवला का धूर व्हतो, धुरानं भित काली व्हते."

युक्ती नामी होती. आत धूर कोंडला, भिंती मनासारख्या काळवंडू लागल्या. ते पाहून लाडक्याला चेव आला आणि त्याने भाराभर सुका पेंढा आत टाकला. जाळ थेट वर गेला आणि नव्या गवताने लगेच पेट घेतला.

ओढा लांब, पाणी आणेपर्यंत काही उरणार नव्हतं. हे सगळ्यांनाच कळून चुकल्यावर जहीरने कॅमेरा काढला. पाडाही समोर रांगेत उभा राहिला. फोटोसाठीच तर सगळे नटले होते. आग विझल्यावर नुसत्या भिंतींचा फोटो घ्यायला जावं, तर रोल संपलेला.

शेवटी अल्लाचं नाव घेऊन त्याने तेच फोटो साहेबांपुढे ठेवले. साहेब बेहद्द खूश झाले.

"ऐन वणव्यातला फोटो? आधी का नाही दिलात? आणखी पुरावा कसला हवा?" त्यांनी सहीसाठी पेन उघडलं. मग चष्मा कपाळावर सरकवून फोटो डोळ्यांजवळ नेला. "पण जहीरमियां, शाळा जळतेय आणि ही माणसं हसतायत कशी?"

जहीर कौतुकाने फुलून गेला होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "नवी मिळणार ना साहेब, म्हणून."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.