सनीचे दोन ताशे

ग्रिलवर लोक कोंबडी भाजतात, मक्याची कणसं भाजतात. आमचा शेजारी सनी रामदीन ग्रिलवर ताशे भाजायचा.

मी शिकागोजवळ नेपरव्हिलला मुलाकडे कायमचा राहायला आलो, त्याच आठवड्यात हा प्रकार पाहिला. सून अश्विनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "बाबा, ते अंकल बघा. ड्रम ग्रिल करतायत!" मी बघायला गेलो. फुलाफुलांचा शर्ट, डोक्यावर गवताची टोपी, हातात चिमटा. निखाऱ्यांवर मातीचे दोन ताशे पालथे धरलेले. मधूनच एक उचलून तो कानाशी नेई, बोटाने टिचकी मारी, मान हलवी आणि परत निखाऱ्यांवर धरी. आंबा पिकला का बघावं तसं.

मला पाहून कुंपणापलीकडून ओरडला, "सीताराम, पंडित!"

मी पंडित नाही. मी आयुष्यभर भंडारा जिल्ह्यात पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होतो. मला दोन आरत्या येतात, त्याही पुढच्या ओळीवाल्याचं तोंड बघून. पण सनी त्रिनिदादचा. त्याच्या पणजोबांना उसाच्या मळ्यात राबायला बोटीतून तिकडे नेलं होतं. तिथे हिंदी उरली ती फक्त पूजेत. त्यामुळे ज्याला हिंदी बोलता येतं तो पंडित, असा त्याचा साधा हिशेब. मी खूप सांगून पाहिलं. "बॉय, पंडित, तू फार नम्र आहेस," असं म्हणून त्याने विषय मिटवला.

या सनीबद्दल इथल्या आमच्या मराठी मंडळात एक गोष्ट अजून सांगितली जाते. गणपतीच्या मिरवणुकीत वाजवायचं कबूल करून तो ऐनवेळी आलाच नाही, अशी. नवीन येणाऱ्यांनाही सांगतात, वर हसतात. ती गोष्ट खोटी आहे. मला हे ठाऊक आहे, कारण ती मीच पसरवली. आता सनी फ्लोरिडाला लेकीकडे असतो आणि माझंही वय झालं आहे. तेव्हा तो माणूस होता कसा आणि त्या दिवशी झालं काय, हे एकदा नीट सांगून टाकतो.

पहिली गोष्ट म्हणजे सनीचं 'जस्ट नाऊ'. अमेरिकेत याचा अर्थ आत्ता. सनीच्या बेटावर याचा अर्थ तासाभराने, उद्या, किंवा तुमच्या नशिबात असेल तेव्हा. माझ्या मुलाची शिडी त्याने उन्हाळ्यात नेली. मागायला गेलो की, "जस्ट नाऊ, पंडित!" शिडी परत आली तेव्हा तिच्या पायऱ्यांवर बर्फ होता. पण सोबत चण्याची उसळ भरलेल्या मऊ पुऱ्यांचा डबाही होता, आणि त्यावर घालायची एक तिखट चटणी. ती चाखून माझ्यासारख्या वैदर्भीय माणसाला उचकी लागली. मुलगा म्हणाला, "बाबा, आणखी एखादी वस्तू देऊन ठेवा त्यांना."

दुसरी गोष्ट म्हणजे त्याची व्हॅन. बर्फ वितळला की सनी शनिवार-रविवार घरी सापडत नसे. कुठे पोलंडवाल्यांची जत्रा, कुठे आयरिश लोकांचा मेळा, कुठे मेक्सिकन बँड, कुठे नदीकाठी ब्लूज गाण्यांची मैफल. व्हॅनच्या आरशाला जत्रांत मनगटाला बांधतात त्या रंगीबेरंगी कागदी पट्ट्यांचा एवढा झुपका लटकत असे की मागचं काही दिसत नसे. "मागचं बघून करायचं काय?" असं त्याचं म्हणणं.

एकदा मलाही घेऊन गेला, विस्कॉन्सिनला, पोलका नाचाच्या मेळ्याला. वाटेत त्याने आपलं तत्त्वज्ञान सांगितलं. "ऑफिसात सगळी माणसं एकसारखी दिसतात, पंडित. कॉफी, टाय, हाऊ आर यू. खरा माणूस बघायचा तर त्याला त्याच्या जत्रेत बघ." मी म्हटलं, मला फक्त बाथरूम बघायचं आहे, गाडी थांबव. "जस्ट नाऊ," तो म्हणाला. मी ते मैल कसे काढले ते माझं मलाच माहीत.

पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तंबूत पाऊल टाकलं तर ऐंशीच्या घरातल्या आज्या टाचा आपटत गिरक्या घेत होत्या. एकीने मला हात धरून ओढलं. माझ्या पायात बाटाचे सँडल. मी तिच्याभोवती फिरलो की तिने मला फिरवलं, देव जाणे. गाणं संपल्यावर ती माझ्या पाठीवर थाप मारून काहीतरी म्हणाली आणि सनीने भाषांतर केलं, "ती म्हणते, नवरा असाच ढिम्म होता, पण चांगला होता." त्याला पोलिश येत नव्हतं, हे माझ्या परतीच्या वाटेवर लक्षात आलं.

नाच संपल्यावर मात्र सनीचं खरं काम सुरू झालं. व्हॅनमागे त्याने लहानशी शेगडी पेटवली, दोन्ही ताशे तापवले आणि बँडच्या ढोलवाल्याला बोलावून आणलं. एक ताशा त्याच्या गळ्यात अडकवला. "तू सुरू कर. मी मागे येतो."

हा प्रकार तो प्रत्येक जत्रेत करत असे. त्यांच्याकडे ताशे जोडीने वाजतात. एक पुढचा, तो सुरुवात करतो, वळणं घेतो, खोड्या काढतो. दुसरा मागचा, तो ठेका धरून ठेवतो. सनी मागचा. पुढचा ताशा तो कधीच वाजवत नसे. मी विचारलं, "तूच का सुरुवात करत नाहीस?" तर असा दचकला, जणू मी त्याला दुसऱ्याच्या घरात बिनबोलावता शिरायला सांगतोय. "मी मागे वाजवणारा माणूस आहे, पंडित."

पोलिश ढोलवाल्याने जीव तोडून वाजवलं. सनीने त्याला मिठी मारली, चण्याच्या पुऱ्या खायला घातल्या, आणि गाडीत बसल्यावर निकाल दिला, "हात चांगला आहे. पण लग्नाला आलेला नाही." त्यांच्याकडे ताशा लग्नात वाजतो. ज्या हाताला वऱ्हाड नाचवता येत नाही तो हात नुसता चांगला. मेक्सिकन पोरगा, आयरिश बाई, शिकागोचा एक म्हातारा ब्लूजवाला, सगळे हात चांगले होते. लग्नाला कुणीच आलेला नव्हता.

मग आमच्या मंडळात ढोल-ताशाचं पथक निघालं. पुण्याहून आलेली सॉफ्टवेअरमधली मुलं शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये सराव करायची. मी रिकामा म्हणून मला मिरवणुकीचा प्रमुख केलेलं. एका रविवारी सनीला सोबत घेऊन गेलो. पथकात पुढचा ताशा वाजवायची नेहा, हडपसरची मुलगी, चष्मा, पोनीटेल, कमरेला ऑफिसचा बिल्ला तसाच. तिने पहिला कडकडाट काढला आणि माझ्या शेजारची बडबड थांबली. सनीने डोक्यावरची टोपी काढली होती.

"पंडित," तो हळू आवाजात म्हणाला, "हा हात लग्नाला आलाय."

त्यानंतर आत्ताच्या आत्ता व्हॅनमागे शेगडी पेटली. नेहाला गंमत वाटली. "अंकल, आमच्याकडे प्लॅस्टिकचं पान असतं, नट आवळला की झालं. हे काय, चामडं शेकताय?"

"प्लॅस्टिकला भूक लागत नाही, बेटी. याला लागते. आधी ऊब खाऊ घालायची."

तिने तो ताशा घेतला, अंदाज घेतला आणि सुरू केलं. सनी मागून आला. काय सांगू! बेटावरचा ठेका आणि हडपसरचा कडकडाट, आणि कुठे सांधा दिसेना. ढोलवाली पोरं काठ्या खाली टाकून बघत राहिली. नेहा नुसती हसत सुटली होती. "काका, विसर्जनाला हे पाहिजेतच हां! फिक्स!"

सनी दोन आठवडे तेवढंच बोलत होता. कुंपणापलीकडून रोज, "मिरवणूक, पंडित! मिरवणूक!" त्या वर्षीच्या उरलेल्या सगळ्या जत्रा त्याने कॅन्सल केल्या. नवा पिवळा शर्ट आणला, तो दोनदा घालून दाखवला.

मंडळाच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी सदानंद म्हणाला, "काका, मिरवणूकही शाळेच्याच आवारात, आणि तिथे विस्तव चालत नाही. सरावाला खपलं, तेव्हा खपणार नाही. परमिशन जाईल. आणि खरं सांगू का, आपलं पारंपरिक पथक, त्यात हे कॅरिबियन मध्येच... लोक काय म्हणतील? तुम्हीच आणलंय त्यांना, तुम्हीच सांगा."

विस्तवाचं कारण खरं होतं, पण ताशे घरून तापवून आणता आले असते. हे मला तिथेच सुचलं होतं. मी बोललो नाही. मुलाच्या गावात, मुलाच्या ओळखीच्या लोकांत, आपण नवे, कशाला वाद? आणि सनीला तोंडावर नाही म्हणायचीही हिंमत होईना. मग मी भेकड माणसाची युक्ती केली. मिरवणूक दोनला होती, मी त्याला पाच सांगितलं. मनाची समजूत घातली, नाहीतरी त्याचं जस्ट नाऊ असतंच. येईल तेव्हा अंधार पडला असेल.

विसर्जनाच्या दिवशी नेहा वळून वळून रस्त्याकडे बघत होती. "काका, अंकल कुठेत?"

"त्याला जमत नाही म्हणाला," मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. मग पथक सुरू झालं, छानच झालं, गुलाल उधळला. बाप्पांना टबात बुडवून सगळे घरी गेले. मी झाडू आणि पाण्याची नळी घेऊन मागे राहिलो, कारण डांबरावर गुलालाचा डाग राहता कामा नये अशी शाळेची अट होती. ते काम मी मागून घेतलं होतं. कुणाबरोबर गाडीत बसवत नव्हतं.

चार वाजायचे होते आणि व्हॅन आत आली. आयुष्यात पहिल्यांदा सनी वेळेआधी आला होता.

पिवळा शर्ट, इस्त्री केलेला. मागच्या सीटवर दोन ताशे, रजईत गुंडाळून, वर सीटबेल्ट लावलेला. विस्तव चालत नाही, हे त्याने शाळेच्या फाटकावरच्या पाटीवर आधीच वाचलं होतं म्हणे. "घरून तापवून आणले, पंडित. लहान बाळासारखे. आपण पहिले वाटतं?"

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या सदऱ्यावरचा गुलाल पाहिला. हातातला झाडू, डांबरावरून वाहणारं गुलाबी पाणी.

"मिरवणूक छान झाली?" त्याने विचारलं.

मी मान डोलावली.

"त्या मुलीने छान वाजवलं?"

"हो."

"गुड," तो म्हणाला. व्हॅनच्या पायरीवर बसून त्याने रजई बाजूला केली आणि पुढच्या ताशाच्या चामड्यावर तळहात ठेवला. "हा डॉलीचा. माझ्या बायकोचा. आमच्या गावात बायका ताशा वाजवत नसत, पंडित. ही वाजवायची. अख्ख्या गावाची लग्नं हिने नाचवली. तिने सुरू करायचं आणि मी मागून जायचं. ती गेल्यावर वाटलं, एवढा मोठा देश, इतक्या जत्रा, कुणीतरी सुरू करणारा भेटेल." मग नेहमीसारखं हसला. "या पोरीचं ऐकलं ना, तर वाटलं डॉली स्वयंपाकघरातून ओरडली."

मी एवढंच म्हणालो, "सनी, पाच मी..."

"अजून गरम आहेत," तो मध्येच म्हणाला. "गरम ताशे न वाजवता घरी न्यायचे नसतात." आणि डॉलीचा ताशा माझ्या गळ्यात अडकवून हातात काड्या दिल्या. "तू सुरू कर."

"मला येत नाही."

"तू सुरू कर, पंडित. मी मागे येतो."

गुलाबी पाण्यात उभा राहून मी वाजवायला लागलो. कसलं वाजवणं! पत्र्यावर गारा पडाव्यात तसं. हात लग्नाला सोडाच, बारशालाही आलेला नव्हता. पण मागून सनीचा ठेका आला. मी अडखळलो की तोही तिथेच अडखळायचा. मी नको तिथे थांबलो की तो थांबायचा. मी चुकून दोनदा मारलं की त्याचेही दोनदा पडायचे. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये आवाज घुमतोय आणि त्यात चूक कुठेच ऐकू येत नाहीये.