होळीवाल्यांनी नाकारलेला चाफा

हिरामणने अंगणात लावलेल्या तांबड्या चाफ्याची पानं पौषातच गळाली आणि त्याच्या बायकोने, इंदूबाईने त्याला मेला म्हणून ठरवून टाकलं.

"शिमगा झाला की ह्ये खोड उपटा. मला तिथं दुधीचा मांडव घालायचाय."

"अगं, त्याची रीतच ती हाय. पानं टाकतो, मग फुलतो. चैतात बघ तू."

"साजगावच्या कारखान्यात मशिनी चालवता तुमी. झाडातलं काय कळतं तुमाला?"

हिरामण मुळातच हट्टी. नवसाने मिळाल्यासारखा तो चाफा आता काही झालं तरी जगवायचाच, असं त्याने मनावर घेतलं. भीती एकच होती, होळीसाठी लाकडं पळवणाऱ्यांची. उघडाबोडका चाफा लांबून थेट सरपण दिसत होता आणि त्या टोळीचा म्होरक्या पोपट दोनदा रस्त्यावरून वाकून बघून गेला होता.

हिरामणने चाफ्याभोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं. ते गेलं. मग मांडवासाठी आणून ठेवलेले बांबू रोवले. तेही गेले, आणि वर इंदूबाईची बोलणी खावी लागली. शेवटी होळीच्या दिवशी त्याने रजा टाकली आणि चाफ्याला खेटून बाज टाकून बसला. संध्याकाळी "पोळी गार व्हतेय" अशी हाक आली. तो दोन घास खाऊन परतला, तर चाफा जागेवर होता आणि बाज नव्हती.

होळीवर चढलेलं लाकूड परत मागायचं नसतं. पेटलेल्या ढिगातून आपल्या बाजेचा पाय बाहेर आलेला बघत हिरामणने नारळ वाहिला आणि तोंडावर हात मारून बोंब ठोकली. त्या वर्षी अख्ख्या गावात मनापासून निघालेली तेवढीच एक.

सकाळी रंग घेऊन आलेल्या पोपटला इंदूबाईने दारातच धरलं.

"का रं, सगळं नेलंस, मग ह्यो सांगाडा कशाला ठेवलास?"

"त्याचं काय करू, वयनी? नख लावून बघितलं, चीक येतो. वला हाय, जळायचा नाय. आमी आपलं कुंपणासाठीच येत व्हतो."

नवऱ्याचं दोन महिने न पटलेलं म्हणणं चोराच्या एका शब्दावर इंदूबाईला पटलं. तिने कळशी आणून चाफ्याच्या बुडाशी ओतली.

"जिता हाय म्हंजे जपाया पायजे," ती हिरामणला म्हणाली. "आजच चांगलं कुंपण घाला."

हिरामण काही बोलायच्या आत पोपट म्हणाला, "आज नको, दादा. पुढल्या शिमग्याच्या तोंडावर घाला."