इलाचं गॅप सर्टिफिकेट

मोरेश्वरने ठरवलं होतं ते इतकंच, की समोरच्या घरातल्या इलाला एका कागदापुरती मदत करायची. एकच कागद. तोही साधा, फुलस्केप नव्हे. (अमेरिकेत फुलस्केप मिळत नाही, याचं दुःख तो वीस वर्षं बाळगून आहे.)

न्यू जर्सीत, पिस्कॅटवेतल्या त्या टाउनहाउसांच्या रांगेत त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी मोक्याची. बायको नीना सकाळी लॅपटॉपसमोर बसायची, आणि त्याची इंडियन ग्रोसरीतली ड्यूटी दुपारी दोनची. मधला सगळा वेळ चहा, खिडकी आणि शेजार. लोक त्याला भोचक म्हणत, पण तो स्वतःला प्रेमळ समजे. बार्शीला त्याच्या गल्लीत कुणाकडे पाहुणा उतरला, की त्याला पहिला चहा शेजारी पाजत. इथे शेजाऱ्याचं नाव कळायलासुद्धा त्याचं टपाल चुकून आपल्याकडे यावं लागतं!

इलाची आई वीणा जानेवारीत एकदा डबा परत द्यायला आली, तेव्हा त्याने विचारलं, "मग, इलाचं काय चाललंय?"

"गॅप इयर, भाऊजी. गेल्या वर्षी मेडिकलला कुठेच मिळालं नाही ना! आता एका कॉलेजचा इंटरव्ह्यू आलाय. एकच. हा हुकला तर म्हणते, डॉक्टर व्हायचा विचार सोडून देईन."

"आणि गॅपचा कागद दिलाय ना?"

"कसला कागद?"

मोरेश्वरने कप खाली ठेवला. वर्ष मध्ये गेलंय, आणि कागद नाही? मग पोरीला गेल्या वर्षी मिळालं नाही यात नवल काय! (गेल्या वर्षी गॅप नव्हताच, हे त्याच्या लक्षात आलं नाही. उत्साहात त्याच्या बरंच काही लक्षात येत नाही.)

कारण गॅप म्हणजे काय, हे त्याला स्वतःच्या अनुभवाने माहीत होतं. बारावीनंतर त्याचंही एक वर्ष असंच गेलं होतं. आई विहिरीच्या पायरीवरून घसरली, मांडीचं हाड मोडलं. घरात बाईमाणूस दुसरं नाही. सतरा वर्षांचा मोरेश्वर भाकरी थापायला शिकला, आईची वेणी घालायला शिकला, तिला पाठीवर घेऊन अंगणात उन्हाला बसवायला शिकला. पुढच्या वर्षी कॉलेजात गेला तर खिडकीतला क्लार्क म्हणाला, "मधल्या वर्षाचं गॅप सर्टिफिकेट आणा."

मग वडील, म्हणजे अप्पा, त्याला तहसील कचेरीत घेऊन गेले. कडुलिंबाखाली टाइपरायटर मांडून बसलेल्या माणसाने स्टँपपेपर चढवला आणि मान वर न करता विचारलं, "वर्षभर काय केलं?"

"घरी होतो."

"म्हणजे काही नाही." आणि त्याने खडखड टाइप केलं: सदर विद्यार्थी वर्षभर घरीच होता, त्याने कोणतेही शिक्षण, नोकरी अथवा धंदा केला नाही, तो कोणत्याही गैरकृत्यात सापडला नाही.

अप्पांनी खाली सही केली. बाहेर आल्यावर त्यांनी मोरेश्वरला दोन प्लेट भजी खाऊ घातली आणि एवढंच म्हणाले, "कागदाला काय कळतंय!"

पण त्या कागदावर ॲडमिशन मिळाली, हेही खरंच. बार्शीत जो कागद चालला, तो न्यू जर्सीत का चालू नये?

मोरेश्वरने आठवून आठवून मजकूर उतरवला, फोनमधल्या ॲपकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं आणि बँकेतल्या नोटरीबाईंसमोर उभा राहिला. त्यांनी शपथ घ्यायला सांगितली. त्याने उजवा हात वर केला. (विमानतळावरच्या सवयीने बूटही काढायला निघाला होता.) 'मी, मोरेश्वर, शेजारी, शपथेवर लिहून देतो की कुमारी इला मे महिन्यापासून घरीच असून, तिने कोणतेही शिक्षण, नोकरी अथवा धंदा केलेला नाही. ती कोणत्याही गैरकृत्यात सापडलेली नाही. तिची वर्तणूक मी समोरच्या खिडकीतून स्वतः पाहिलेली आहे.' शिक्का बसला. दुपारी पाकीट रजिस्टर्ड डाकेने थेट कॉलेजच्या पत्त्यावर!

तीन-चार दिवसांनी, पाकीट पोचल्याची खात्री झाल्यावर, तो कागदाची कॉपी घेऊन समोर वीणाकडे गेला. म्हटलं, एकदम आनंद द्यावा. इला नुकतीच कामावरून आली होती, अंगात दवाखान्याचे निळे कपडे तसेच. तिने कागद वाचला. पुन्हा वाचला.

"काका, यात लिहिलंय की मी काहीच केलं नाही."

"शपथेवर!" मोरेश्वर म्हणाला.

"बट काका, तोच तर पॉइंट आहे! गॅप इयरमध्ये मी काय काय केलं, तेच त्यांना बघायचंय! क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या नोट्स टाइप करते, वीकेंडला नर्सिंग होममध्ये जाते. अकराशे तास, काका!"

"ते मला माहीत आहे गं. म्हणून तर नोकरी दाबून टाकली. कुणाला पत्ता लागणार नाही."

वीणाने कपाळाला हात लावला. इला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि बाहीने डोळे पुसत म्हणाली, "संपलं. आता ते म्हणणार, मी फॉर्ममध्ये सगळं खोटं लिहिलंय."

मोरेश्वर घरी आला तो पाय ओढत. नीनाने सगळं ऐकून घेतलं. "अहो, आत्ताच्या आत्ता कॉलेजला फोन लावा. सॉरी म्हणा, चूक झाली म्हणा, आणि ठेवा. बार्शी सांगू नका."

त्याने बार्शीपासूनच सुरुवात केली. भज्यांपर्यंत पोचल्यावर पलीकडच्या बाईंनी त्याला थांबवलं.

"सर, म्हणजे हे ॲफिडेव्हिट खोटं आहे?"

"नाही मॅडम, ॲफिडेव्हिट खरं आहे. फक्त मजकूर खोटा आहे."

"पण तुम्ही शपथ घेतली होती ना?"

"हात वर करून."

पलीकडे कीबोर्डची खडखड झाली. "सर, काय असेल ते लेखी पाठवा."

मग मोरेश्वर खिडकीपाशी बसला. या वेळी कागदाला कळलंच पाहिजे, असं काहीसं त्याच्या मनात होतं. मे महिन्यापासून जे पाहिलं ते तो मराठीत लिहीत गेला. पोरगी पहाटे पाच चाळीसला निघते. थंडीत गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना बोटं तोंडात धरते. दिवाळीच्या दिवशी चकल्यांचा डबा घेऊन नर्सिंग होममध्ये गेली, रिकामा डबा घेऊन आली. ऑक्टोबरात एकदा घरी येऊन गाडीतच बसून राहिली, इंजिन बंद, दिवे बंद, चाळीस मिनिटं. तिथले एक आजोबा गेले होते, हे वीणाकडून नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी परत पाच चाळीसला गाडी निघाली. लिहिता लिहिता त्याला मध्येच आईची वेणी आठवली, आणि एक पान ओलं झालं म्हणून परत लिहावं लागलं.

सहा पानं झाली. नीनाने एकही टोमणा न मारता त्याचं इंग्रजी केलं. (लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, हे पहिल्यांदाच.) नोटरीबाई त्याला पाहून म्हणाल्या, "यू अगेन?" आणि शिक्का शोधायला लागल्या.

इंटरव्ह्यू झाला, घरातूनच, कॉम्प्युटरवर. त्या दिवशी वीणाने खिडकीचा पडदा लावून घेतला होता. मार्चमध्ये ॲडमिशनचं पत्र आलं, आणि इला अनवाणीच रस्ता ओलांडून त्याच्या दारात आली.

आता ती त्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. थँक्सगिव्हिंगला घरी आली तेव्हा सकाळीच काकांकडे चहाला आली. मोरेश्वरने पावणेदोन वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न शेवटी विचारला.

"खरं सांग इला, तुझ्या इंटरव्ह्यूत माझे कागद कामाला आले ना?"

"आले ना काका. पहिला प्रश्न त्यावरच होता. 'तू घरी सेफ आहेस ना? या शेजाऱ्याची पोलिसांत तक्रार केलीस का?'"

"अरे देवा! मग?"

"मग मी तुमच्याबद्दल सांगितलं, ते हसले. पुढे नेहमीचा प्रश्न. एखाद्या अवघड माणसाला तू न चिडता, प्रेमाने कसं सांभाळलंस, उदाहरण दे."

"नर्सिंग होममधल्या त्या आजोबांचं दिलं असशील!"

"नाही काका," खारी चहात बुडवत इला म्हणाली. "एवढ्या लांब जायची गरजच पडली नाही."

"वा! हुशार आहेस!" मोरेश्वर मनापासून हसला. दुपारी दोनला ड्यूटीवर गेला, तेव्हाही हसतच होता. अडीचच्या सुमाराला, कोथिंबिरीवर पाणी शिंपडता शिंपडता, त्याचा हात मध्येच थांबला.